बोरस्ते साहेबांची मार्कर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोदातीर गोल्फ क्लबचेही सन्माननीय अध्यक्ष श्री. योगेशराव शेवाळे, सचिव सौ. सायलीताई निकम, व्यासपीठावर विराजमान झालेले कमिटीचे सर्व सदस्य, कळवणहून मुद्दाम आलेली माझी माहेरची मंडळी, दिंडोरीकडून बागेतलं काम टाकून आलेले आमचे पुंजाभाऊ, आणि या सभागृहात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपणां सर्वांना मनःपूर्वक नमस्कार.

पत्रिकेत छापलंय, 'सत्कारमूर्ती श्री. ज्ञानेश बोरस्ते यांचे मनोगत'. आणि माइकसमोर उभी राहिले मी, सौ. मनीषा. तुम्ही म्हणाल, जन्मभर ही बाई घरात नवऱ्याला बोलू देत नव्हती, आता व्यासपीठावरही देईना. हसा, हसायला हरकत नाही. सत्कारमूर्तीसुद्धा हसताहेत, बघा. पहिल्या रांगेत, पांढऱ्या टोपीत, मांडीवर शाल घेऊन बसलेत. मघाशी शाल घातली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. माझ्या कानाशी लागून विचारलंही, "कार्यक्रम छान आहे हो. कुणाचा आहे?"

ह्यांना काय झालंय ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर त्याला मोठं इंग्रजी नाव देतात. आम्ही आता नाशिक सोडून रत्नागिरीला लेकीकडे, तेजस्विनीकडे राहायला चाललोय. मागच्या महिन्यात भर दुपारी हे घरातून निघाले आणि त्र्यंबक रोडला एका टायरच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदार भला माणूस, त्याने पाणी दिलं आणि टोपीवरचं क्लबचं नाव बघून इथे फोन केला. त्या दिवशी तेजस्विनी म्हणाली, "आई, आता पुरे." खरंच आहे तिचं. माझ्याच्याने एकटीने होत नाही.

असो. निरोपाचं भाषण आहे, गुणगान करायला हवं. करते.

आमचा खोक्यांचा कारखाना. द्राक्षांची, टोमॅटोची पुठ्ठ्याची खोकी. जानेवारी लागला की एप्रिलपर्यंत ह्यांना जेवायला फुरसत नसे, द्राक्षं काय खोक्यासाठी थांबतात? अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर गोल्फ खेळावं, हे माझ्या सासरी कुणालाच पटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही. एवढासा चेंडू, तो एवढ्याशा भोकात घालायचा, आणि त्यासाठी अर्धा दिवस उन्हात तंगड्या तोडायच्या! मी म्हणायचे, "अहो, त्यापेक्षा गच्चीवरची टाकी धुवा, तेवढीच मदत."

पण ह्यांना वेड लागलं. आणि त्यातही एका गोष्टीचं फार, ते म्हणजे हँडिकॅप. माझ्या माहेरच्या मंडळींसाठी सांगते. गोल्फमध्ये जो कमी फटक्यांत खेळ संपवतो तो जिंकतो. मग नवखा माणूस आणि मुरलेला माणूस बरोबरीने खेळणार कसे? तर तुमचे आधीचे खेळ बघून क्लब ठरवतो, या माणसाला इतके फटके माफ. तो आकडा म्हणजे हँडिकॅप. जितका कच्चा खेळाडू तितकी माफी मोठी. आणि तो अधिकृत असला, की देशातल्या कुठल्याही मैदानावर जाऊन मानाने सांगता येतं, मी अमुक आकड्याचा खेळाडू.

पण तो मिळायचा फक्त पूर्ण सभासदांना. वर्षभर येणाऱ्यांना. आता ह्यांच्यासारखा हंगामात अडकलेला माणूस, किंवा पुंजाभाऊंसारखा बागाईतदार, वर्षभर येणार कसा? पुंजाभाऊ त्या वेळी कमिटीपुढे काय म्हणाले होते ते मला ह्यांनी घरी करून दाखवलं होतं. "साहेब, छाटणी सुटली तं येऊ, नाय तं नाय. पण येऊ तव्हा आमाला बी आकडा पायजे. आमी काय खोटं खेळतो का?" बरोबर ना पुंजाभाऊ? मान हलवताहेत.

तर ह्यांनी कमिटीच्या मागे लागून लागून एक योजना करवून घेतली. वर्षाचं बंधन नाही, जमेल तेव्हा या, आलात तेवढ्याचं द्या, पण हँडिकॅप मात्र पक्का, अधिकृत. क्लबच्या कागदावर त्याला फ्लेक्सी मेंबरशिप म्हणतात. ह्यांनी नाव दिलं, सवडीचं सभासदत्व. जुन्या सभासदांनी चेष्टा केली, पाहुणे आले पाहुणे म्हणून. हे म्हणायचे, "पाहुणा का असेना, मोजणी खरी असली की झालं." आज क्लबमध्ये सवडीवाले किती आहेत ते अध्यक्ष सांगतीलच. द्राक्षवाले आहेत, डॉक्टर आहेत, शाळेच्या बाई आहेत. हे सगळं त्या पांढऱ्या टोपीने केलं. टाळ्या वाजवा की! बघा, तेही वाजवताहेत.

आता जे बोलणार आहे ते भाषणाच्या कागदावर नाही. अध्यक्षमहोदय, आपली परवानगी गृहीत धरते.

गोल्फमध्ये पंच नसतो. आपले फटके आपणच सांगायचे. बरोबर खेळणारा आपल्या कार्डावर ते लिहितो आणि शेवटी सही करतो. त्याला म्हणतात मार्कर. म्हणजे सगळा खेळ शब्दावर चालतो. इथे चेंडू कुठेही गेला तरी चालतो, पण आकडा खोटा सांगितला की माणूस संपला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याची स्पर्धा होती. ह्यांचे मार्कर होते लखनभाऊ आहेर. लखनभाऊ, मान खाली घालू नका, तुमच्यावर राग धरून मी इथे उभी नाही. एका होलवर, म्हणजे एका भोकापाशी, हे म्हणाले, "पाच." लखनभाऊंनी मोजले होते आठ. पुढच्या होलवर हे म्हणाले, "चार." मोजले होते सात. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा लखनभाऊंनी सही करायला नकार दिला. कमिटीने खोलीत बोलावलं. चौघांसमोर विचारलं. आणि हँडिकॅप स्थगित केला. संध्याकाळपर्यंत गंगापूर रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर सुद्धा झालं होतं, की बोरस्ते फटके चोरतात.

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. हे आत आले, पायात गोल्फचे बूट तसेच. आमच्या घरात चपलेने उंबरा ओलांडायची कुणाची टाप नाही, आणि हे बूट घालून थेट ओट्यापर्यंत. मी ओरडणार, तेवढ्यात म्हणाले, "मनीषा, मी खोटारडा आहे का गं?"

मंडळी, या माणसाने गठ्ठ्यात एक खोकं कमी गेलं तर नांदगावपर्यंत गाडी पाठवून पोचतं केलेलं मी पाहिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "कोण म्हणालं? नाव सांगा मला. आत्ता जाते, बघतेच त्याच्याकडे!"

आणि ह्यांना नाव सांगता येईना.

ओट्याला धरून उभे. आठवताहेत. ओठ हलताहेत. तासाभरापूर्वी जो तोंडात मारल्यासारखं बोलला, त्याचं नाव आठवत नव्हतं. ज्यांच्याबरोबर दर हंगाम संपला की खेळायचे, ते लखनभाऊ. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मला कळलं की हे खोटं बोलत नाहीयेत. ह्यांना स्वतःचे फटके आठवत नाहीयेत.

लखनभाऊ, तुमची मोजणी बरोबर होती. एक फटका तुम्ही चुकीचा धरला नव्हता. फक्त तुम्हांला वाटलं तो माणूस चोर आहे, आणि तो आजारी होता. आता मला सांगा, दुसऱ्या कुठल्या खेळात असं झालं असतं? क्रिकेटमध्ये धावा विसरलात तर धावफलक असतो. इथे विसरणाऱ्याला आणि लबाडी करणाऱ्याला एकच आकडा पडतो.

मग दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. योगेशराव फुलं घेऊन घरी आले. फुलांचा कागद सरळ करत बसले होते. शेवटी ह्यांनीच त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "काय झालं हो? घरी सगळं ठीक ना?" ह्यांना अपमान आठवतच नव्हता. मी चहा केला. साखर जरा जास्तच घातली, नाहीतर माझ्या हातचा तो कडू झाला असता. विसरण्याचा आजार ह्यांना झालाय, मला नाही झालेला. एवढंच सांगून पुढे जाते.

डॉक्टर म्हणाले, चालू द्या, खेळू द्या, मोकळ्या हवेत बरं वाटतं. कमिटीनेही हँडिकॅप पुन्हा सुरू केला, सन्मानाने केला. पण कार्डावर सही करणारा मार्कर सभासदच हवा, हा क्लबचा नियम. आणि कुणी नाही म्हणालं नाही हं, उगाच खोटं का बोलू? फक्त प्रत्येकाला नेमकं त्याच दिवशी काम निघायचं. कुणाचं लग्न, कुणाची मीटिंग, कुणाचा गुडघा. हे सकाळी टोपी घालून सोफ्यावर बसायचे. बसून राहायचे.

एक दिवस मी पर्स उचलली, इथे आले आणि सायलीताईंना म्हटलं, "मला सवडीचं सभासद करा." त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही खेळता?" म्हटलं, "नाही. पण मोजता येतं."

हसा. पण सभासद व्हायचं तर काठीला हात लावावा लागतो. माझा पहिला फटका हवेत गेला. दुसरा पण हवेत. तिसऱ्याला चेंडू हलला, तो वाऱ्याने हलला असं पुंजाभाऊंचं मत होतं. पाचवारी साडी सोडून पंजाबी ड्रेस घालावा लागला, कळवणला बातमी गेली की मनीषाचं डोकं फिरलं. पण मीही कळवणच्या देवऱ्यांची लेक आहे. कार्डावर कार्डं दिली, आणि मला अधिकृत हँडिकॅप मिळाला, चोपन्न! याहून मोठी माफी कुणाला देतच नाहीत. मी घरी पेढे आणले. हे म्हणाले, "वा, कुणाचा निकाल?"

तेव्हापासून मी ह्यांची मार्कर. हे म्हणतात, "चार झाले ना?" मी म्हणते, "सात झाले." आणि मंडळी, एकदाही वाद घातला नाही. एकदाही नाही! क्षणभर माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सात म्हणजे सात. लिहा." जीव तुटतो हो. वाटतं, लिहावे चार, कुणाचं काय जातंय? पण ज्या माणसाला याच मैदानावर खोटारडा म्हटलं गेलं, त्याच्या कार्डावर मी एकही खोटा आकडा चढू देणार नाही. म्हणून ह्यांचा हँडिकॅप वाढत गेला. खरा वाढत गेला. अठरा होता, तीस झाला, चाळीस झाला, आणि या दिवाळीत चोपन्न. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आणि आता कुठे आम्ही दोघं बरोबरीला आलो.

आता एक सांगते. मग पाणी पिते.

माझ्याच्याने लग्नापासून ह्यांचं नाव घेणं झालं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आमचं आपलं 'अहो'. आणि हे मला मनीषा म्हणायचे, रागात असले तर 'मनीषाबाई'. गेल्या पावसाळ्यापासून घरात ते मला ओळखत नाहीत. सकाळी चहा नेला की सावरून बसतात, हात जोडतात, आणि विचारतात, "आपण कुणाकडे आलात?" किती आदबीने विचारतात! संध्याकाळी घाबरतात. परकी बाई घरात फिरते म्हणून दाराशी जाऊन उभे राहतात. मी 'अहो' म्हणते, वळत नाहीत. लग्नाचा अल्बम दाखवला. म्हणाले, "मुलगी छान आहे, कुणाची?"

पण इथे आणलं ना, पहिल्या होलच्या त्या कडुलिंबापाशी उभं केलं, की माझ्याकडे बघून चेहरा उजळतो. मी एकदा धीर करून विचारलं, "ओळखलं का मला?"

"म्हणजे काय!" म्हणाले. "तुम्ही माझ्या मार्कर मॅडम. तुम्ही माझं कार्ड लिहिता." आणि जरा थांबून म्हणाले, "तुमच्या मोजणीवर माझा विश्वास आहे."

मंडळी, नवरा बायकोला याहून काय वेगळं सांगतो? सांगा मला.

मी घरी करून बघितलं. पेन्सिल घेतली, कार्ड घेतलं, टोपी घातली, दिवाणखान्यात उभी राहिले. हे म्हणाले, "बाई, इथे मैदान कुठाय?" बरोबरच आहे. मैदान इथे आहे. रत्नागिरीत समुद्र आहे, लेक आहे, नातवंडं आहेत, जावई देवमाणूस आहे. मैदान नाही. मी सगळीकडे चौकशी केली.

म्हणून अध्यक्षमहोदय, मला मानपत्र नको असं नाही, दिलंत, डोक्यावर घेते. पण परवा सायलीताईंनी फार जड मनाने सांगितलं, की सवडीचं सभासदत्व नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यालाच आहे, त्यामुळे आम्हां दोघांची नावं आता निघतील. नियम आहे, मला मान्य. आणि तो नियम लिहिला कुणी? ह्यांनीच! मुंबईकर येऊन जागा अडवतील आणि आपले द्राक्षवाले बाहेर राहतील म्हणून हट्टाने लिहिला. आज हे असते तर ह्यांनीच ती ओळ खोडली असती.

बघा. समोर बसलेत, आणि मी म्हणाले, 'असते तर'.

मला माफ करा. पाणी... हो, दे बेटा.

तर माझं मागणं एवढंच. ती एक ओळ खोडा. आम्हांला निरोप देऊ नका, सवड द्या. वर्षातून दोनदा येऊ, अगदीच नाही जमलं तर एकदा येऊ. गाडीत दिवस गेला तरी येईन मी ह्यांना घेऊन. पूर्ण खेळ नाही झेपणार, एक होल खेळू. नावं फलकावर राहू द्या, हँडिकॅप चालू राहू द्या, म्हणजे मी सही करू शकेन. तुम्हांला ती नियमातली एक ओळ आहे. मला, वर्षातून एकदा तरी माझ्या माणसाने मला ओळखायचं, एवढी एकच जागा उरली आहे. योगेशराव, तुम्ही मान हलवताय, पण मला ती डोळ्यांत पाणी आल्याने नीट दिसत नाहीये. सभेच्या मिनिट्‌समध्ये लिहा.

आता आभार. क्लबचे आभार, ज्यांनी आम्हां पाहुण्यांना आकडा दिला. पुंजाभाऊंचे, ज्यांनी मला काठी धरायला शिकवलं. त्या टायरवाल्या भल्या माणसाचे, त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आणि लखनभाऊंचे, हो, तुमचेही. गेलं वर्षभर दर रविवारी ह्यांची बॅग कोण उचलून नेतं ते सगळ्यांनी पाहिलंय. बोलला नाहीत कधी, पण मला दिसत होतं.

बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, चार शब्द जास्तीचे गेले असतील, तर ते माझ्या चोपन्नात धरावेत. माफी आधीच मंजूर झालेली आहे, अधिकृत आहे, उगाच नवी कशाला मागू?

थांबते. बाहेर अजून ऊन आहे आणि सत्कारमूर्ती उभे राहिलेत. शाल खाली पडली, टोपी नीट करताहेत, दाराकडे निघालेत.

अहो...

नाही वळले.

बोरस्ते साहेब!

हो, मीच. आले, आले. कार्ड माझ्याकडे आहे.